तू तशी वाटत नाहीस

रश्मीताईने माझं मनगट धरलं. विचारलं नाही, धरलंच. दुसऱ्या हाताने माझ्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, परत खाली सोडल्या आणि सगळ्यांकडे बघत म्हणाली, "हिरवा चुडा. आणि ही म्हणते मी लेस्बियन आहे."

खोलीतल्या सात-आठ जणी हसल्या.

"लग्न कधी आहे गं?" कोपऱ्यातून एकीने विचारलं. "आम्हाला पंगतीला बोलावशील ना?"

पुन्हा हसू. मीही हसले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण हसले. लहानपणापासून सवय आहे. मोठ्या घरच्या माणसाने चेष्टा केली की आधी आपण हसायचं.

खोली वर्ध्यातली, रश्मीताईच्या वडिलांच्या कापडदुकानाच्या वरची. रविवारची दुपार. मुलींवर प्रेम करणाऱ्या मुली महिन्यातून एकदा तिथे जमतात, असं जयाला कुठूनतरी कळलं होतं. तिनेच फोन करून पत्ता विचारला होता. जया वडनेरची, मी अल्लीपूरची. दोघी वर्ध्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, एकाच होस्टेलला. ती कबड्डी खेळते. केस बारीक कापलेले, अंगात चौकड्याचा शर्ट. मी वेणी घालते, काजळ लावते, ओठांना रंग लावते. दीड वर्ष आम्ही एकमेकींच्या होतो आणि जगात एकाही माणसाला ते माहीत नव्हतं. त्या खोलीत पहिल्यांदा सांगणार होतो. म्हणून मी नटून गेले होते. सणाला जावं तशी.

दारात एक स्टीलचा डबा ठेवलेला होता. "नवीन मुलींनी फोन यात टाकायचे," असं सांगितलं गेलं. मला नियम पटला. कोणी फोटो काढला आणि तो गावात गेला तर काय होईल ते मला माहीत आहे. मी फोन टाकला. आत बसल्यावर बघितलं, जयाचा फोन तिच्या शर्टाच्या खिशातच होता. तीही माझ्याइतकीच नवीन होती. तिला कोणी डबा दाखवला नव्हता.

तेव्हाच मला उठायला हवं होतं. पण मला वाटलं, विसरले असतील.

बांगड्यांचं सांगते. त्याच्या आठ दिवस आधी माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं होतं. आमच्याकडे लग्नघरी बांगडीवाली येते आणि घरातल्या सगळ्याच बाया-पोरींना हिरव्या बांगड्या भरते. पाच वर्षांच्या पोरीलाही. त्या आपल्या हाताने काढत नाहीत. फुटतील तेव्हा फुटतील. मी हे रश्मीताईला सांगितलं.

"आमच्याकडे फक्त नवरी घालते," ती म्हणाली. जणू तिच्याकडे नसलेली रीत खोटीच असते.

मग ती समजावणीच्या सुरात बोलायला लागली. पुण्यात शिकून आलेली आहे, चांगलं बोलते. म्हणाली, "राग मानू नकोस. पण तू तशी वाटत नाहीस. तुझ्यासारख्या फेम, नटणाऱ्या मुली आम्ही खूप बघितल्यात. दोन वर्षं आमच्यात राहतात, मग लग्नाची पत्रिका पाठवतात." हे म्हणताना तिचा आवाज जरा बदलला. तिला कोणीतरी अशी पत्रिका पाठवली असणार. मला क्षणभर वाईटही वाटलं. पण ती पत्रिका मी पाठवली नव्हती.

"इतकी नटतेस कोणासाठी?" तिने विचारलं.

मी माझं मनगट सोडवून घेतलं.

"जयाचे आणि तुझे मेसेज दाखव. म्हणजे विषयच संपला."

मी जयाकडे बघितलं. ती बुटाची लेस बांधत होती. लेस सुटलेली नव्हती.

"गेल्या महिन्यात तुला बघायला पाहुणे आले होते ना?" रश्मीताई म्हणाली.

पाहुणे आले होते, ते खरं. हिंगणघाटहून चौघं आले होते. पण ते मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं. होस्टेलच्या गच्चीवर, रडत.

"सिद्ध कर मग," रश्मीताई म्हणाली. "बांगड्या काढून ये. तिकडे बेसिन आहे, साबण आहे."

"काढून टाक न," जया हळूच म्हणाली. "काय होते त्यात."

मी उठले. हेही लपवत नाही. बेसिनपाशी गेले, हाताला साबण लावला आणि एक बांगडी काढली. हाडापाशी सोललं. दुसरीला हात लावला आणि मला ते पाहुणे आठवले. मुलाच्या मावशीने माझी वेणी सोडायला लावली होती, केस खरे आहेत का बघायला. "चालून दाखव," म्हणाली होती. मी भिंतीपासून दारापर्यंत चालले होते. इथेही मी चाललेच होते की. खोलीपासून बेसिनपर्यंत.

आणि आई आठवली. आई कापूस वेचायला जाते. तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा केसात शेवंतीचं फूल खोचून गेली होती. शेतमालकाची बायको बांधावरून सगळ्या बायांसमोर ओरडली, "कापूस वेचाले आली का दाखवाले? कोणासाठी नटली व?" आईने फूल काढून मातीत टाकलं. पुन्हा कधीच माळलं नाही. मी आठवीत गेल्यावर हिंगणघाटच्या बाजारातून तिने स्वतःहून मला काजळाची डबी आणली. म्हणाली, "लाव. कोणी काई म्हटलं त मले सांगजो."

कोणासाठी नटली. बांधावरच्या बाईचा प्रश्न आणि रश्मीताईचा प्रश्न एकच होता. एकीने वऱ्हाडीत विचारला, एकीने पुस्तकी भाषेत. आमच्यासारख्यांनी नटणं म्हणजे कोणाला तरी फसवणं, हे दोघींनी गृहीतच धरलं होतं.

मी हाताचा साबण धुतला. काढलेली बांगडी परत हातात चढवली. ती चढताना जास्त दुखलं.

खोलीत आले आणि उभी राहूनच बोलले. मला बोलायची सवय नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नाही.

"बांगड्या नाई काढत मी. आन् मेसेज बी नाई दाखवत."

"मग विश्वास कसा ठेवायचा तुझ्यावर?"

"जयावर कसा ठेवला?"

"जयाचं दिसतंच ना."

"माह्यं नाई दिसत. म्हणून सांगून राह्यली. मले नटाले आवडते. आन् मले पोरगी आवडते. दोन्ही माह्यंच आहे. जया नसती आली तरी माह्यंच होतं."

"भाषण छान देतेस," रश्मीताई म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही, पण माझ्या बाजूनेही कोणी बोललं नाही.

मी डब्यातून फोन घेतला. डब्यात तो एकटाच होता.

जया रस्त्यावर मागून धावत आली. "थांब न व!"

"तू सांगतलं तिले? पाहुण्याइचं?"

"त्यात काय झालं? तिनं फोनवर इचारलं, हिच्यावर तुहा भरोसा आहे का. मी म्हटलं आहे, पण घरचे पाहून राह्यले तिच्यासाठी."

"आहे, पण?"

बाजूच्या रसवंतीचं चाक फिरत होतं, घुंगरू वाजत होते. आम्ही दोघी त्या चाकाकडे बघत उभ्या राहिलो.

"तुले रस्त्यानं पोरं पायते," ती शेवटी म्हणाली. "मले भेव वाटते. थोडी साधी राहत जाय न. माह्यासाठी."

"तुह्यासाठी नाई. तुह्या भेवासाठी."

ती रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. आम्ही अजून बोलतो, एकत्र जेवतो. पण तिचा फोन वाजला की आता मी बघते, कोणाचा आहे. हे मला आवडत नाही. तरी बघते.

त्याच आठवड्यात मी आईला फोन केला. "आता पाहुणे बोलावजो नको."

"काऊन?"

"मी कोणाले दाखवून नाई घेत आता."

"लोकाइले काय सांगू?"

"पोरगी नाई म्हणते, हेच सांग."

आई म्हणाली, "जेवली का?" बाकीचं तिला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. कधी, ते मी ठरवीन.

मागच्या महिन्यात होस्टेलची एक मुलगी कपडे वाळत घालताना माझ्याजवळ आली. हिंगणीची आहे, पहिल्या वर्षाला. हातावर मेंदी, कानात मोठे झुमके. इकडेतिकडे बघत म्हणाली, "ताई, त्या दुकानावरच्या खोलीतलं तुमच्याबद्दल आयकलं. माह्यंबी तसंच आहे वाटते."

माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगते. मनात आलं, हिला कोणी पाठवलं? रश्मीताईने? वॉर्डनने? मग मी तिची मेंदी बघितली, झुमके बघितले आणि ओठांवर प्रश्न आला: खरंच का गं? तू तर तशी वाटत नाहीस.

तो प्रश्न मी दातांखाली दाबला. तिला बादलीवर बसायला सांगितलं आणि म्हटलं, "सांग."

ती मला फसवत असू शकते. उद्या माझं नाव गावभर करू शकते, परवा पत्रिकाही पाठवू शकते. तरी मी तिची झडती घेणार नाही. मी जशी आहे तशी नटून या वर्ध्यात फिरेन, मुलीवर प्रेम करेन आणि त्याचा पुरावा कोणालाही देणार नाही. घरी नाही, त्या खोलीत नाही, जयालाही नाही. आणि कोणाकडे मागणारही नाही.