करवंटीचं आयर्न सल्फाइड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. महिन्यातून एकदा चर्चमध्ये कुमसाराला जाते — फादरसमोर गुडघे टेकून पापं कबूल करते — तिथेही नाही. रागावले, कुणाला टाकून बोलले, असलं किरकोळ सांगून मोकळी होते. हे राहून गेलं. म्हणजे — राहून गेलं नाही, मी ठेवलं.

सव्वीस वर्षं मालवणजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, भाषणं. 'हाडाच्या शिक्षिका' म्हणाले. म्हणोत! मी वर्गात काय दाखवत होते, त्यांना काय ठाऊक?

आठवीचा धडा — मूलद्रव्यं आणि संयुगं. लोहकीस आणि गंधक नुसते मिसळले तर चुंबक लोखंड ओढून घेतो. तेच मिश्रण तापवलं की काळं ढेकूळ होतं, मग चुंबक कितीही फिरवा, काही चिकटत नाही. लोखंड लोखंड राहत नाही, गंधक गंधक राहत नाही. साधा प्रयोग. पण पहिल्याच वर्षी माझ्या हातात परीक्षानळी तडकली, धूर झाला, मुलं खोकत बाहेर पळाली, आणि मी घाबरले. इतकी, की पुन्हा तो प्रयोग केलाच नाही. गंधक नव्हतं असं नाही — कपाटात भरलेली बाटली होती. तरी दर वर्षी मी एक काळा तुकडा काढायचे आणि सांगायचे, हे आयर्न सल्फाइड, कालच तयार केलंय. चुंबक चिकटायचा नाही. कसा चिकटेल? माझ्या चुलीतली जळकी करवंटी होती ती. संयुग म्हणून दाखवत होते निव्वळ कार्बन — मूलद्रव्य! हसा हवं तर.

रेश्मा हसली नाही. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्याची मुलगी, पहिल्या बाकावरची. तिनं तुकडा हातात घेतला, तोलला, वास घेतला.

"टीचर, ही तर करटी आसा. आमच्या चुलीत अशेच कोळसे गावतत."

खरं बोलायला तेवढाच क्षण होता, आणि मी काय केलं? म्हणाले, "वर्गात शुद्ध मराठीत बोलायचं. आणि चुलीतलं ज्ञान चुलीपाशी ठेवायचं." सगळे हसले. तिनं मान खाली घातली. एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, थांबले नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं कोकमाच्या आगळात बुडवून कागदाच्या पट्ट्या केल्या होत्या. सोड्याच्या पाण्यात त्यांचा रंग बदलायचा. सुंदर काम होतं. मी तिचं नाव खोडलं. परीक्षकांसमोर ती पुन्हा तोंड उघडेल याची भीती? हो. आणि रागही. दहावीनंतर तिनं विज्ञान घेतलं नाही.

वर्ग मोठे होते, सोयी नव्हत्या — असलं काही माझ्या वतीनं म्हणू नका. मला नको ते.

रेश्मा आता बाजारात मासे विकते. मला नेहमी ताजी सुरमई काढून देते. गेल्या पावसाळ्यानंतर आठवीतल्या मुलीला घेऊन घरी आली. "टीचर, हिका सायन्स तुमीच शिकवा. माका काय ता जमूक नाय."

जमलं नाही! इतकी वर्षं ती हे धरून बसली होती?

मी हो म्हटलं. गंधक मागवलं. अंगणात, जन्मात पहिल्यांदा तो प्रयोग पुरा केला. पोरीनं चुंबक फिरवला — चिकटला नाही. तिला न्यायला आलेली रेश्मा पायरीवर उभी होती. पुढे आली, थंड झालेलं ढेकूळ उचललं, तळहातावर तोललं.

"टीचर," ती म्हणाली, "ह्यां खरां आसा."

मी "होय" म्हटलं. माफी मागितली नाही, मागणारही नाही. मागितली तर ती तिथल्या तिथे देईल — तशीच आहे ती — आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही. हा कागद तेवढा तिच्या पोरीच्या वहीत घालून देणार आहे, आईला वाचून दाखव म्हणून. रेश्माला सायन्स जमत होतं. जमत नव्हतं ते टीचरला.