ताईची तपासणी

चेहरा कोरा कसा ठेवायचा, हे मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी परभणीच्या एका प्रशिक्षणात शिकले. समोरची बाई रडायला लागली तरी ‘अगं बाई’ म्हणायचं नाही, च्यक च्यक करायचं नाही, मान डोलवायची नाही. प्रश्न वाचायचा, उत्तरापुढे खूण करायची आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईला हे जड जाईल, असं आमच्या मोठ्या डॉक्टरांना वाटलं होतं. मला ते मुळीच जड गेलं नाही. हसू दाबून पोरांवर डोळे वटारायची जन्माची सवय होती, ती कामाला आली. शेवटच्या दिवशी डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, “यांच्यासारखं विचारा.” परभणीहून पूर्णेला येईपर्यंत मी गाडीत स्वतःवर खूश होऊन बसले होते.

नोकरी मी मुदतीआधीच सोडली होती. नवरा रेल्वेत, मुलं बाहेरगावी, आणि मी दिवसभर घरात बसून फोडणीवर, शेजारणीवर, टीव्हीवर चिडत होते. त्यामुळे हे काम आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद नवऱ्याला झाला.

काम होतं त्याच मोठ्या डॉक्टरांच्या, उदासीच्या आजारावरच्या एका संशोधनाचं. पालम तालुक्यातल्या काही गावांमधल्या बायका त्यात घेतल्या होत्या. ज्यांना महिनोन्महिने झोप नव्हती, कशात मन लागत नव्हतं, उठून चूल पेटवणंही डोंगराएवढं वाटत होतं अशा. चिठ्ठ्या टाकून त्या गावांचे दोन भाग केले होते. एका भागातल्या बायकांकडे गावातलीच, शिकवून तयार केलेली एक ताई दर आठवड्याला जाऊन बोलायची. या आठवड्यात कोणतं एक काम करायचं ते दोघी मिळून ठरवायच्या, आणि ते झालं की नाही, का नाही, यावर पुढच्या खेपेला बोलायच्या. दुसऱ्या भागाला आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार, म्हणजे गोळ्या. तीन महिन्यांनी मी जाऊन दोन्हीकडच्या बायकांना तेच प्रश्न विचारायचे. कोण कोणत्या भागातली, हे मला कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर माझ्या नकळत माझी खूण एका बाजूला झुकली असती. म्हणून बायकांना आधीच बजावलं होतं की म्याडमसमोर ताईचा विषय काढायचा नाही. आणि एखादीची अवस्था माझ्या फॉर्मवर वाईट दिसली, तर तिला लगेच परभणीला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं ठरलेलं होतं. म्हणजे फॉर्म नुसता कागद नव्हता. एखादीला वेळेवर औषध मिळणं त्यावर अवलंबून होतं.

पहिल्या काही गावांत बायका मोकळेपणी बोलल्या, रडल्या, मला चहा पाजला. मग एक गाव असं आलं की तिथे जिच्या दारात जावं ती बरी. झोप लागते, भूक लागते, मन रमतं. एका गावातल्या सगळ्याच बायका इतक्या खडखडीत बऱ्या झालेल्या पाहून मला आधी बरं वाटलं, मग किंचित राग आला. वर्गातल्या सगळ्या पोरांचं गणित एकसारखं बरोबर आलं की येतो ना, तसा. पण माझं काम विचारायचं होतं, शंका घ्यायचं नव्हतं.

त्या गावातली शेवटची मुलाखत एका पस्तिशीतल्या बाईची होती. नवरा पिठाच्या गिरणीवर, मुलगी शाळेत. ती ओसरीवर सूप घेऊन तूरडाळ निवडत बसली होती. मी सतरंजीवर बसले आणि सुरुवात केली.

“गेल्या पंधरा दिवसांत झोपेचा त्रास झाला?”

“न्हाई. लय चांगली झोप लागती.”

“कामात मन लागत नाही, असं झालं?”

“न्हाई बगा. समदं बरं हाय.”

मरणाचे विचार येतात का, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी असतो. तो पुरा वाचून व्हायच्या आतच ती म्हणाली, “न्हाई न्हाई, तसलं काई न्हाई.”

मी खूण केली. तिच्या हातांकडे माझं लक्ष तेवढ्यात गेलं होतं. ती सुपातला खडा उचलत होती आणि परत सुपातच टाकत होती. उचलायची, टाकायची. निवडलेली डाळ आणि न निवडलेली डाळ एकच होती. हे मला दिसलं, आणि तरी मी फाईल बंद केली. हात काय करताहेत यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. या एका गोष्टीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

फाट्यावर लिंबाखाली पालमच्या एसटीची वाट बघत उभी होते. दुपारचं ऊन होतं. एवढ्यात तीच बाई गावाकडून भराभरा येताना दिसली. मला वाटलं, माझा चष्मा राहिला. पण तिचे हात रिकामे होते.

“म्याडम,” ती धापा टाकत म्हणाली, “पास झालं ना?”

“कोण पास झालं?”

“ताई. आमच्या ताईची नोकरी ऱ्हाईल ना?”

माझं टाळकंच सरकलं. “ताईचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? आता माझी अख्खी मुलाखत वाया गेली की!” शाळेतला आवाज लागला होता माझा. ती दोन पावलं मागे सरकली.

“चुकलं, चुकलं. पर तिला सांगू नका मी इचारलेलं.”

ती अशी घाबरलेली बघून माझी मलाच लाज वाटली. मी आवाज खाली आणला आणि विचारलं, “ताईचं नाव का काढायचं नाही, असं वाटलं तुम्हाला?”

“तपासनी हाय म्हणून,” ती म्हणाली. एवढी साधी गोष्ट मला कळू नये याचं तिला नवल वाटलं. “ताई म्हनली, म्याडम येतील, त्यांच्यापुढं माझा विषय काढू नका. तवाच आमाला कळलं, तिच्यावर कायतरी आलंय. मग आमी समद्या देवळात बसलो अन् ठरिवलं. आमी बऱ्या न्हाई असं दिसलं तर तिलाच काढतील. अंगनवाडीची तपासनी आली की आमी न्हाई का सांगत, बाई रोज येती, खाऊ चांगला देती? तसंच.”

“समद्या?” मी विचारलं.

“समद्या.”

शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा आदल्या दिवशी पोरांना ओळीत बसवून ‘सगळं छान आहे म्हणा रे’ हे मीच तर घोटून घ्यायचे. आपल्या माणसाला साहेबापुढे उघडं पाडायचं नाही, ही मुरवत मी या लोकांकडूनच शिकले होते आणि त्यांच्या पोरांना शिकवली होती. आणि आता मीच साहेब होऊन आले होते; हातात पेन, तोंडावरची माशी हलत नाही. मला तपासनीस समजल्या, यात त्या बायकांचं काय चुकलं?

आमच्या मोजमापाचं काय होईल हेही त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. ताईच्या भागातल्या बायका ताईसाठी बऱ्या झाल्या होत्या. कागदावर दिसलं असतं की नुसतं बोलणं पुरतं, गोळ्यांची गरज नाही. आणि तो कागद खरा मानून इथून पुढे कितीतरी बायकांना कुणी दवाखान्यात पाठवलंच नसतं. पण हे सगळं नंतर निस्तरता आलं असतं. माझ्यासमोर एक बाई उभी होती, तिचं नंतरवर ढकलता येण्यासारखं नव्हतं.

फाईल पिशवीत टाकून मी तिला म्हटलं, “तुझं खरं काय हाय?” तुमीचं तू कधी झालं ते कळलंच नाही.

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मी शेवटचा प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी माझ्या शब्दांत. “मरून जावं, असं मनात येतं का गं?”

“रोज,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “ताई येती त्या दिवशी कमी असतंय. ती बोलत बसली की जरा बरं वाटतंय. ती गेली की परत सुरू. म्हणून तर म्हणायलेय, तिला काढू नका.”

मी घाबरले. दहा मिनिटांपूर्वी या बाईच्या नावापुढे ‘कधीच नाही’ अशी खूण करून मी उठले होते, आणि एसटी वेळेवर आली असती तर त्या खुणेसकट निघून गेले असते. कोरा चेहरा वगैरे सगळं गेलं उडत. मी तिचा हात घट्ट धरला आणि तिथेच रडले.

एसटी आली. वाहकानं दार उघडून हाक मारली.

“जा म्याडम, गाडी जाईल,” ती म्हणाली.

“जाऊ दे,” मी म्हटलं.

तिच्यासमोरच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एकेक नीट सांगितलं: आज तिला एकटं सोडू नका, ती हो म्हणत असेल तर घरात कुणाला तरी सांगा, उद्या सकाळीच परभणीला आणा. ती हो म्हणाली. तिच्याबरोबर मी परत घरी गेले आणि नवरा गिरणीवरून येईपर्यंत त्याच ओसरीवर बसून राहिले. अंगभर पीठ माखलेल्या त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग बायकोला म्हणाला, “मला कामून न्हाई सांगितलं?” तो उठला, हातपाय धुतले आणि चहा ठेवायला आत गेला.

रात्री डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, त्या गावातले माझे सगळे फॉर्म बाद धरा, आणि मलाही काढायचं तर काढा. त्या म्हणाल्या, “चूक आपल्या सगळ्यांची आहे. विषय काढू नका म्हणून सांगितलं, का ते सांगितलं नाही.” त्या गावात पुढे दुसरी बाई गेली. तिनं आधी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की ही परीक्षा ताईची नाही, तुमची नाही, आपण या पद्धतीची परीक्षा करतोय, आणि ती नापास झाली तर तेही आम्हाला कळायला हवं. मग कुणी खरंच बऱ्या निघाल्या, कुणी नाही. ताई मात्र माझ्याशी महिनाभर बोलली नाही. तिला कामावरून काढणं माझ्या हातात नव्हतंच, पण गावानं तिच्यासाठी काय केलं होतं ते कळल्यापासून तिला कुणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं.

पण ते सगळं पुढचं; फाट्यावरच्या त्या दिवसानंतर दुसऱ्याच सकाळी आम्ही तिघं परभणीच्या दवाखान्यात होतो. नवरा केसपेपरच्या रांगेत उभा राहिला आणि आम्ही दोघी मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. तालुक्याला लग्नाला निघावं तशी तयार होऊन आली होती, आणि मला धास्ती वाटत होती की आत जाऊन ही पुन्हा ‘समदं बरं हाय’ म्हणेल. किती वेळा तरी तोंडाशी आलं की बाई, खरं सांग गं. पण ते सांगणं म्हणजे पुन्हा तपासणीच झाली असती.

आतला डॉक्टर अगदी तरुण होता. दार उघडं झालं की तो दिसायचा, कागदांवर वाकलेला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “म्याडम, ह्यानं गोळ्या दिल्या अन् मी बरी न्हाई झाले, तर ह्याची नोकरी जाईल का?”

मला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळे भरून आले. स्वतः रोज मरायचा विचार करणारी बाई एका अनोळखी पोराची नोकरी सांभाळत बसली होती.

“न्हाई गं,” मी म्हटलं. “कुणाचीच जाणार न्हाई. तो दुसऱ्या गोळ्या देईल. त्यानं न्हाई झालं तर आनखी दुसरं कायतरी बघंल. त्यासाठीच बसलाय तो.”

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मी खरं बोलतेय का ते बघत असावी.

“मग सांगते,” ती म्हणाली. पुकारा झाला तेव्हा तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि एकटीच आत गेली.