जिन्याखालचं डिझेल

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीच्या गॅलरीत लाल झेंडा दिसला, तेव्हा मला वाटलं, आत संप सुरू झाला. साल २००५. निवृत्तीनंतर मी तिथल्या जहाज प्रशिक्षण संस्थेत इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो. जिन्यापाशी एक सडपातळ गृहस्थ पिंपात डिझेल ओतून घेत होते.

"गुरुजी, दोन मिनिटं लांबच थांबा. तेल भरताना जहाजावर लाल झेंडा लावतात."

हे यादवराव. जवळच्याच मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातले, पण चौदा वर्षं तेलवाहू जहाजांवर पंप सांभाळलेले. मुलगी सायली आठवीत गेली तरी तिचे बहुतेक वाढदिवस त्यांनी फोनवरच साजरे केले होते. त्यामुळे गावातली ही सुरक्षा शिक्षकाची नोकरी त्यांना जिवापाड हवी होती. ती गेली तर पुन्हा जहाज.

नाशिकपासून समुद्र चांगलाच लांब. संस्थाचालक संतोष सरांना त्याचं काही वाटत नसे. "आपण काय पोहायला शिकवतो का?" असं ते पालकांनाच विचारत.

यादवराव वर्गात सांगत, टाकी काठोकाठ भरू नये, उष्णतेनं तेल फुगतं. हवा खेळती हवी, जवळ ज्योत नको. खाली जिन्याखाली जनरेटरसाठीचं दोनशे लिटरचं पिंप संतोष सरांच्या हुकुमानं तुडुंब भरलेलं असे आणि त्याच्यापासून हातभरावर संस्थेच्या चहाचा गॅस. मुलं धडा वहीत उतरवून घेत आणि खाली जाऊन चहा पीत.

यादवरावांनी आपल्या परीनं पिंपाभोवती भुसा पसरला, मोरीला बूच ठोकलं. झाडलोट करणाऱ्या रंगूबाई पदर खोचून वर आल्या.

"मास्तर, मोरी कोणी बुजवली? माझं पाणी जाईना!"

"सांडलेलं तेल गटारात जाऊ नये म्हणून, मावशी."

"तेल कुठंय? मी खाली घोटाभर फिनेलात उभी हाय!"

मग संस्थेच्या मान्यतेसाठी सरकारी तपासणी ठरली. इंधन मोकळ्या हवेत, सुरक्षित ठेवलं आहे, अशा कागदावर सुरक्षा शिक्षकाची सही हवी होती.

"करून टाका," संतोष सर म्हणाले. "इथं कुठं समुद्र आहे?"

"सर, पेटायला समुद्र लागत नाही."

"घर चालायला नोकरी लागते, यादवराव."

यादवरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला. तपासणीच्या सकाळी पिंपावर कशिद्याची चादर आली आणि चादरीवर जहाजाची पितळी प्रतिकृती. तपासणी अधिकारी चहाचा कप घेऊन तिच्यापाशी रेंगाळले.

"वा, देखणं जहाज आहे."

संतोष सर हसले. यादवरावांनी खिशातला तो घडी केलेला कागद काढून पुढे धरला.

"साहेब, मी सही केलेली नाही. जहाजाखाली दोनशे लिटर डिझेल आहे."

साहेबांनी शेजारच्या पेटत्या गॅसकडे पाहिलं आणि उरलेला चहा ते रस्त्यावर जाऊन प्यायले. पिंप हलवल्याशिवाय मान्यता नाही, असा शेरा तिथूनच लिहून पाठवला.

आठ दिवसांत पिंप मागच्या मोकळ्या आवारात गेलं. यादवरावांना त्याच्या दोन दिवस आधीच नोकरीवरून निरोप मिळाला होता. जहाज कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा सायलीनं त्यांची बॅग माळ्यावरून काढूच दिली नाही.

आता ते मखमलाबादला धाकट्या भावाबरोबर शेवंती लावतात आणि फुलं स्वतः बाजारात नेतात.