डोळ्यांचं पुस्तक आणि माझं प्रशिक्षण

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मी एकोणीस वर्षं बसले आणि त्यातली बहुतेक वर्षं तीन वाक्यांवर काढली. ‘तिकडं बघा’, ‘बाहेर गेलंय’ आणि ‘सोमवारी या’. या तीन वाक्यांत मावणार नाही असा प्रश्न शहरात कुणाला पडत असेल, असं मला कधी वाटलंच नाही. माझ्या टेबलावर ‘चौकशी’ अशी पाटी होती. चौकशी लोकांनी करायची, आम्ही नाही, हे पाटीवरून उघडच होतं.

आमचं ग्रंथालय शहराच्या जुन्या भागात आहे. तळमजल्यावर अभ्यासिका, तिथं स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातपासून जागा धरतात. वरच्या मजल्यावर आमचा विभाग; तिथं जागा धरायची वेळ कुणावर आली नाही. विभागात आम्ही तिघं. मी; माझा सहायक, जो नोकरीला लागल्या दिवसापासून निवृत्तीची वाट बघत होता; आणि छावणी भागातून येणारी एक कंत्राटी मुलगी. तिला लागून सहा महिने झाले होते आणि आम्ही मोठ्या विश्वासानं पुस्तकांवरची धूळ झटकायचं काम तिच्याकडं सोपवलं होतं. तिच्याजवळ ग्रंथालयशास्त्राची पदवी होती. धूळ झटकायला पदवीची अडचण होत नव्हती.

मग वरून पत्र आलं. वाचकांना संदर्भसेवा नीट मिळत नाही, असं वर कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. खाली आमच्या ते इतकी वर्षं आलं नव्हतं, यावरून वरचं आणि खालचं अंतर कळावं. सेवाज्येष्ठतेनुसार मला पाच दिवस पुण्याला पाठवलं. तिथं एका हुशार बाईंनी पडद्यावर बाण काढून दाखवले आणि सांगितलं की वाचक जे मागतो तेच त्याला हवं असतं असं नाही; त्याला बोलतं करावं, त्याची गरज समजून घ्यावी. मी ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही पिशवीत ठेवली. परत आले ती ‘मास्टर ट्रेनर’ होऊन. आता माझ्या हाताखालच्यांना मी शिकवायचं होतं.

आमचे ग्रंथपाल साहेब म्हणाले की त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त कामाचा वेळ जाऊ नये, खर्च होऊ नये आणि फोटो मात्र चांगला यावा. त्यासाठी बॅनर छापून आला. त्यावर ‘संदर्भ’ शब्दाचा अनुस्वार गेला होता. पण बॅनर लांबून बघायचा असतो, असं ठरलं आणि तो भिंतीवर चढला.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकणारे दोघं आणि शिकवणारी एक. पुण्यात केलेला प्रयोग मी इथंही केला : एकानं वाचक व्हायचं, दुसऱ्यानं सेवा द्यायची. सहायक वाचक झाला आणि त्यानं एका ग्रंथाचं नाव, आवृत्ती, प्रकाशन वर्ष असं सगळं घडाघडा सांगितलं. असा वाचक एकोणीस वर्षांत मी पाहिला नव्हता, पण उत्तर द्यायला सोपा होता म्हणून मी त्याला शाबासकी दिली. मग मुलीची पाळी. ती दारात जाऊन उभी राहिली. आत आली, पुन्हा मागं सरली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत पंख्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “इथं बसलं तर चालतं का?”

सहायक हसला. मी तिला समजावलं की हा संदर्भप्रश्न होत नाही.

“मॅडम, लोक हेच विचारतात,” ती म्हणाली. “बाकीचं ते विचारतच नाहीत.”

मी वहीत बघितलं. याचं उत्तर वहीत नव्हतं. म्हणून मी चहा मागवला.

प्रशिक्षण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी सिल्लोडकडचा एक माणूस आला. पन्नाशीचा, पांढरी दाढी, हातांवर भाजल्याचे बारीक काळे डाग. टेबलापाशी येऊन त्यानं टोपी सारखी केली आणि विचारलं, “मॅडम, डोळ्यांचं पुस्तक हाय का?”

माझ्या मागच्या भिंतीवर बॅनर होता, पिशवीत वही होती, वहीत दोन रेघा होत्या. मी हात वर करून म्हणाले, “तिकडं बघा. वैद्यकशास्त्र. खिडकीजवळचं कपाट.” आणि रजिस्टरात नोंद केली : वाचकाच्या शंकेचं समाधान झालं.

समाधान झालेला तो वाचक तीन दिवस येत राहिला. पहिल्या एसटीनं येत असावा, कारण कुलूप उघडायच्या आधीच जिन्यात असायचा. कपाटातली पुस्तकं इंग्रजी, जाडजूड, वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलांसाठी घेतलेली. तो एकेक काढून चित्रं बघायचा. कापलेल्या डोळ्याचं चित्र आलं की पान झटकन उलटायचा. मी लांबून बघत होते आणि खेड्यापाड्यांतही वाचनसंस्कृती रुजते आहे, हे अहवालात कसं घालावं याचा विचार करत होते.

तिसऱ्या दुपारी मुलगी फडकं घेऊन त्या कपाटाशी गेली. फडकं तिनं खिडकीत ठेवलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. “चाचा,” ती म्हणाली, “कुणासाठी बघताय?”

तेवढंच. ज्या प्रश्नासाठी मला पुण्याचं जाण्यायेण्याचं भाडं मिळालं होतं, तो तिनं तीन शब्दांत उरकला.

त्यानं हातातलं पुस्तक मिटलं. मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद काढला. मीही उठून गेले, कारण आता उठलं नाही तर ते फारच दिसलं असतं. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. मुलगा आयटीआय झालेला, रेल्वेत गाडी चालवायच्या कामासाठी परीक्षा दिलेली. लेखीत पास झाला, पुढं डोळ्यांच्या तपासणीत नापास. कागद इंग्रजीत होता. लाल आणि हिरवा रंग त्याला वेगळा ओळखता येत नाही, असा त्याचा अर्थ. दिवा लाल की हिरवा हे कळलं नाही तर गाडी कोण देईल, हे मुलाला पटलं होतं; पण घरी आल्यापासून तो बापाशी बोलत नव्हता, ताट घेऊन वर गच्चीवर जायचा.

हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं खरा प्रश्न विचारला. मुलीला नाही, मला. बहुधा माझ्या वयाकडं बघून.

“मॅडम, वेल्डिंगच्या उजेडानं हे होतं का? लहानपणापासून माझ्यापाशीच बसायचा तो. दुकानात चष्मा एकच होता. तो माझ्या डोळ्याला असायचा.”

हा माणूस तीन दिवस पुस्तकांत स्वतःचा गुन्हा शोधत होता आणि मी त्याला कपाट दाखवून मोकळी झाले होते. मी पदर खांद्यावर सारखा केला.

मुलीनं खालच्या फळीवरून मराठी आरोग्यकोश काढला. ती फळी कुठली आणि त्यावर काय आहे, हे धूळ झटकल्यामुळं तिलाच ठाऊक होतं. पान काढून तिनं कोश माझ्यापुढं सरकवला. ती स्वतः वाचू शकली असती. मला जागा करून दिली. मी सावकाश वाचलं. हा दोष बहुधा जन्मापासूनच असतो. रंग ओळखणाऱ्या पेशींत उणीव असते. वेल्डिंगच्या उजेडानं डोळ्यांना इजा होते, पण ती निराळी. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडं येतो, आईला स्वतःला त्रास नसला तरी. या शेवटच्या ओळीपाशी मी अडखळले. एकाच्या डोक्यावरचा भार काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवतेय की काय, असं वाटलं. पण निम्मंच वाचायचं, असं कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत, म्हणून वाचलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “त्याचा मामा मिरचीच्या आडतीवर कामाला होता. लाल-हिरवी मिरची निवडता येत नव्हती म्हणून मालकानं काढून टाकलं. आम्ही त्याला कामचोर म्हणायचो.” टोपी काढत, “वीस वर्षं म्हणतोय.”

आम्ही डॉक्टर नाही, हे मी त्याला सांगितलं. मुलीनं त्याचा प्रश्न एका कागदावर वर मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहून दिला आणि सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना हाच दाखवा म्हणाली. संध्याकाळपर्यंत बसून तिनं भरतीच्या जाहिरातींतून अशी पदं काढली जिथं रंग ओळखण्याची अट नव्हती. सहायकानंही एक जाहिरात शोधून दिली. त्याला बरं नाही की काय, असं मला क्षणभर वाटलं.

पंधरा दिवसांनी तो माणूस मक्याची कणसं घेऊन आला. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. मामाला घरी बोलावून जेवू घातलं होतं. मामा जेवला, पण वीस वर्षांचं सगळं बोलून गेला. मुलगा गच्चीवरून खाली आला होता. त्या यादीतल्या एका परीक्षेचा अर्ज भरला होता. दुकानाला दुसरा चष्मा आणलाय, हे त्यानं जाता जाता सांगितलं.

मी अहवाल लिहिला. साहेबांनी वाचून ‘प्रशिक्षण यशस्वी’ असा शेरा मारला आणि माझं अभिनंदन केलं. सहायकाला प्रमाणपत्र मिळालं. मुलीला नाही, कारण कंत्राटी कर्मचारी प्रशिक्षणार्थीच्या व्याख्येत बसत नाहीत. ज्या मुलीनं माझ्या वाचकाला उत्तर शोधून दिलं, ती कागदोपत्री त्या खोलीत हजरच नव्हती. मी साहेबांना तोंडी सांगून बघितलं. ते म्हणाले, बघू. मग लेखी दिलं. ते म्हणाले, लेखी कशाला देता. प्रमाणपत्र शेवटपर्यंत निघालं नाही. तिचा करार मात्र सहानुभूतीपूर्वक आणखी अकरा महिने वाढला. धुळीचं काम आम्ही तिघांत वाटून घेतलं आणि तिची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी आली. साहेबांना हे अजून दिसलेलं नाही. ते वरच्या मजल्यावर फोटोच्या वेळीच येतात.

आता सोमवारी दार उघडायच्या आधी आम्ही अर्धा तास बसतो. आठवड्यात कोण काय मागायला आलं, त्याला खरं काय हवं होतं, आम्ही काय दिलं आणि कुठं चुकलो, एवढंच. मुलगी शिकवते, मी शिकते. कागदावर अजून मीच मास्टर ट्रेनर आहे. पहिल्या काही सोमवारी माझ्याच चुका इतक्या निघाल्या की सहायकाला बोलायला वेळ उरायचा नाही आणि तो त्यावर अतिशय खूश असायचा.

मागच्या आठवड्यात गंगापूरकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका मधमाश्यांचं पुस्तक मागायला आल्या. सहायक पुढं होता. शेतीचं कपाट त्याच्यापासून दोन पावलांवर, मधमाशीपालनाची तीन पुस्तकं त्यात. तो उठला, पण कपाटाकडं गेला नाही. त्यांना बसायला सांगून पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर बाई म्हणाल्या की शाळेच्या स्वच्छतागृहावर मोठं मोहोळ बसलंय, मुली आठ दिवस तिकडं जात नाहीत, आणि गावातली माणसं ते जाळून टाकू म्हणतायत. त्यांना मधमाश्या पाळायच्या नव्हत्या, मारायच्याही नव्हत्या.

सहायकानं कृषी महाविद्यालयाला फोन लावला. तिथून दुसरा नंबर मिळाला, तिथून तिसरा. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी न जाळता मोहोळ उतरवणारा एक माणूस वैजापूर रस्त्याला सापडला आणि शनिवारी यायला तयार झाला. सहायकानं नाव, नंबर कागदावर लिहून बाईंच्या हातात दिला आणि जिन्यापर्यंत त्यांना सोडायला गेला.

परत येऊन डबा उघडत तो मला म्हणाला, “मॅडम, रविवारी फोन करून विचारू का, उतरलं का म्हणून?”

मी म्हणाले, विचारा.