मध्येच बंद पडणारं वाचन

मी परतूरला घरी बसून मोबाईलची अ‍ॅप बनवते. माझी मावशी घनसावंगीजवळच्या खेड्यात राहते. अंगणवाडीतून निवृत्त झाली आणि काचबिंदूने तिची नजर गेली. वाचल्याशिवाय तिला करमत नसे. म्हणून मी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करू लागले आणि ती ऐकायला तिच्या फोनमध्ये एक साधं अ‍ॅप टाकून दिलं. स्क्रीनवर कुठेही बोट टेकवलं की वाचन सुरू.

काही दिवसांनी फोन करून विचारलं, "मावशी, कुठवर आलं पुस्तक?"

"थोरला भाऊ घर सोडून निघाला, तिथंवर."

तो तर पहिल्याच प्रकरणाचा मध्य होता. "पुढचं का नाही ऐकलं?"

"तूच थांबलीस की! मला वाटलं, तेवढंच वाचून झालं असंल. कामात असलेल्या पोरीला कशाला घाई लावायची? मंग बोलले न्हाई."

खोदून विचारलं तेव्हा उलगडलं. फोन खिशात टाकून ती कामाला लागायची, स्क्रीन काळी व्हायची, आणि थोड्या वेळाने फोनच माझं अ‍ॅप बंद करून टाकायचा. स्क्रीनवर नाही म्हणजे ते रिकामं बसलंय, अशी त्याची समजूत. मग मी अ‍ॅपमध्ये बदल केला. वाचन चालू असेपर्यंत वर एक पट्टी दिसत राहील आणि काम सुरू असल्याचं फोनला कळेल, अशी सोय केली. माझ्या फोनवर दुपारभर वाचन चाललं. मावशीच्या फोनवर पुन्हा गप्प.

शेवटी प्रोग्रॅमर लोकांच्या एका चर्चागटात मावशीच्या फोनची कंपनी सांगून विचारलं. एका अनोळखी माणसाने लिहिलं, त्या कंपनीच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची वेगळी सोय असते, तिच्यातून तुमचं अ‍ॅप हाताने वगळावं लागतं. कुठे काय दाबायचं त्याचे फोटोही पाठवले. त्याला मी कधी भेटले नाही. त्याचे आभार मानले, ते थोडेच वाटतात.

दुसऱ्या दिवशी जीपने मावशीकडे गेले. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपवरचा निर्बंध काढला. मावशीने वाचन सुरू करून फोन खिशात ठेवला आणि शेजारणींसोबत शेंगा फोडायला बसली. माझाच आवाज अंगणात बोलत होता. स्क्रीन केव्हाच काळी झाली होती. थोरला भाऊ घर सोडून गेला, शहरात पोचला, त्याला कामही मिळालं.

"मावशी, चालू राहिलं गं!" मी ओरडले.

"गप, ऐकू दे," ती म्हणाली. शेजारणी हसल्या.

प्रकरण संपल्यावर तिने माझे दोन उच्चार दुरुस्त केले आणि हे पुस्तक संपल्यावर कोणतं वाचायचं तेही सांगितलं. आता रोज सकाळी चहानंतर मी तिच्यासाठी वाचते. कामाच्या धबडग्यात माझं वाचन कधीच सुटलं होतं. ते मला मावशीमुळे परत मिळालं.