उदबत्तीच्या पुड्याचा चंदेरी कागद

सोळापर्यंत मोजायला मला कॉलेजनं नाही, सुभेदारांनी शिकवलं. डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर ठेवायचा आणि शून्य म्हणायचं. तीन पेरं आणि एक टोक, म्हणजे एका बोटावर चार. अशी चार बोटं. नवाच्या पुढे ए, बी, सी करत गेलं की तर्जनीच्या टोकाला बरोबर एफ येतो. मायक्रोप्रोसेसरला कळणारी आकडेमोड एवढीच.

“अवघड काय हाय रं ह्यात?” ते म्हणायचे. “शेराला सोळा छटाक. आमची आई ह्याच बोटांवर मोजायची. तुमच्या किलोनं पोरं बिघडवली.”

सुभेदारांचं उभं आयुष्य फौजेत वायरलेस सेट दुरुस्त करण्यात गेलं होतं. गाव वडूजजवळचं, पण निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्यात औद्योगिक वसाहतीच्या कडेला पत्र्याची शेड घातली. तिथं ते विजेच्या मोटारींचे स्टार्टर आणि पॅनेल बनवायचे. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, तेव्हा मी डिप्लोमा घेऊन त्यांच्याकडे कामाला लागलो.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात देव्हारा नव्हता. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असत: बुवाबाजीच्या विरोधात, मालकांच्या विरोधात, हुंड्याच्या विरोधात. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर, आणि मिसरूड फुटायच्या आत स्वतःचं एक पत्रक लिहून बस स्टँडवर वाटलंही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. मथळा आणि शेवटची ओळ वाचली की त्याला सगळं कळलेलं असतं.

सुभेदार रोज सकाळी शेडमध्ये उदबत्ती लावायचे. ती विझेपर्यंत मी दारात उभा राहायचो.

“आत ये की. धूर काय चावत न्हाई.”

“तुमचं होऊ द्या.”

“देव बी इचारत व्हता, ह्यो भाईर का थांबतो म्हणून.”

“त्याला सांगा, पत्रकं वाटतोय.”

ते खो खो हसायचे. मी हसायचो नाही. तत्त्वाच्या गोष्टीत हसायचं नसतं, असं मला वाटायचं.

मायक्रोप्रोसेसर शिकायचं त्यांच्याच डोक्यात आलं, माझ्या नाही. सांगलीच्या एका कॉलेजात एक तरुण प्राध्यापक दर रविवारी चारदोन लोकांना शिकवत. आम्ही पहाटेची एसटी धरायचो. सातारा सोडलं की सुभेदार पिशवीतून इंग्रजी पुस्तिका काढत आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत. कराडपर्यंत एक पान. अडलेला शब्द मला विचारत. मी झोपेत असलो तर कोपरानं ढोसत.

कॉलेजात एक किट होतं. हिरवी पाटी, खाली बटणं, वर लाल उजेडाचे सहा आकडे. वहीत प्रोग्राम लिहायचा, त्याचे आकडे काढायचे आणि एकेक करून बटणांनी आत घालायचे. ‘थ्री ई’ म्हटलं की पुढचा आकडा उचल. ‘डी थ्री’ म्हटलं की तो बाहेर पाठव. बाहेर पाठवला की रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा खटका, टक् करून वाजायचा आणि टेबलावरचा बल्ब लागायचा. पहिल्यांदा बल्ब लागला तेव्हा सुभेदार खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले होते. मध्येच लाईट गेली की घातलेलं सगळं पुसून जाई. मग पुन्हा अंगठा करंगळीवर.

त्यावर उपाय होता तो एका वेगळ्या चिपचा. तिच्या पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी असते. प्राध्यापकांकडच्या यंत्रात घालून तिच्यावर प्रोग्राम एकदा लिहिला की लाईट जावो, काहीही होवो, तो राहतो. पुसायचाच झाला तर त्या खिडकीवर एका खास दिव्याचा झोत धरायचा. एवढं मी ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं.

वसाहतीतल्या एका कारखान्यात स्प्रिंगांना कडक करायच्या भट्ट्या होत्या. भट्टीपुढे कामगार उभा राहून आतल्या लोखंडाचा रंग बघत खटका ओढायचा, सोडायचा. हे काम यंत्रानं करावं अशी सुभेदारांची कल्पना. मी ताडकन म्हणालो, “म्हणजे त्याच्या पोटावर पाय.”

त्यांनी वाद घातला नाही. मला भट्टीपाशी नेलं. तिथल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“ह्येलाच इचार, डोळं पायजेत का खटका.”

“माल भरायला लावा की मला,” तो माणूस म्हणाला. “खटका कुनीबी वडू द्या.”

त्याच रात्री मी वहीत प्रोग्राम लिहायला घेतला.

कारखान्याच्या मॅनेजरनं एका भट्टीवर चाचणी घ्यायचं कबूल केलं. जमलं तर सगळ्या भट्ट्या आमच्याकडे. नाही जमलं तर परदेशी यंत्र मागवायचं, ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. सुभेदारांचे मुलगे त्यांना गावाकडे बोलावत होते. साध्या पॅनेलांवर शेड चालेनाशी झाली होती. “हे जमलं तर ऱ्हातो,” ते एकदा मला म्हणाले. “न्हाईतर चाललो गड्या, विहिरीची मोटार चालवायला.” ते हसत म्हणाले होते, पण त्या आठवड्यात त्यांनी वायरींचे सगळे जोड दोनदोनदा तपासले.

चैत्र संपताना आम्ही सांगलीला जाऊन चिपवर प्रोग्राम लिहून आणला. चाचणीला पंधरा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी गावाकडे त्यांचा चुलतभाऊ वारला आणि सुभेदार दहाव्या-तेराव्यासाठी तिकडे गेले. जाता जाता मला म्हणाले, “तपासत ऱ्हा. बंद करू नगंस.”

ते गेल्यावर मी यंत्राची पेटी उघडली. चिपच्या पाठीवर एक तुकडा चिकटवलेला होता. उदबत्तीच्या पुड्याचा कागद, वर देवाचं चित्र, मुकुट आणि अर्धा चेहरा.

मला संताप आला. तीनशे ओळींचा प्रोग्राम मी लिहिला होता. त्यातली एकेक ओळ मी कुणापुढेही सिद्ध करून दाखवली असती. आणि त्याच्या डोक्यावर देव! उदबत्ती शेडच्या भिंतीपाशी ठीक होती, पण यंत्राच्या आत? मी तो तुकडा नखानं खरवडून काढला. मागची चंदेरी बाजू मला दिसली, हे आज मला स्वच्छ आठवतं. काच फडक्यानं पुसली, आणि मला खरंच एखादं पत्रक लिहून पूर्ण केल्यासारखं वाटलं.

मग मी आणखी एक शहाणपण केलं. भट्टीजवळ यंत्र तापणार, तेव्हा ते तापवूनच तपासावं म्हणून मी पेटीचं झाकण काढून पाटी पश्चिमेकडच्या उघड्या खिडकीत ठेवली. वैशाखातलं ऊन दुपारपासून संध्याकाळपर्यंत तिच्यावर पडायचं. रिले टक् टक् वाजत राही. अकरा दिवस एकही चूक नाही. सुभेदार परतले तेव्हा पेटी बंद करून, स्क्रू पिळून तयार होती.

चाचणीला मॅनेजर, दोन इंजिनियर आणि तो भट्टीवाला हजर होते. पहिला अर्धा तास तापमानाचे आकडे सुरेख चढले. ठरल्या जागी रिले सुटला, पुन्हा लागला. मॅनेजर घड्याळ बघून “छान” म्हणाले. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यांचा अंगठा पेरांवरून सरकत होता.

मग लाल आकडे थिजले. रिले लागला तो सुटेना. भट्टीच्या फटीतला रंग पिवळा, मग पांढुरका होत चालला. मी बटणं दाबत राहिलो. शेवटी भट्टीवाल्यानं मला बाजूला सारलं आणि मुख्य खटका ओढला.

“आवं सुभेदार, समदा माल वाकला की!”

मॅनेजर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “सुभेदार, तुम्ही स्टार्टर बांधा. ते तुम्हाला चांगलं जमतं,” एवढंच म्हणाले.

“वायरिंग माझं व्हतं, साहेब,” सुभेदार म्हणाले. “पोराचा प्रोग्राम बरोबर हाय.”

शेडमध्ये आल्यावर त्यांनी पेटी उघडली. चिपच्या काचेवर बोट टेकवलं.

“हितला कागद?”

“मी काढला,” मी म्हणालो. अजूनही माझ्या आवाजात ताठा होता. “देव चिकटवून यंत्र चालत नसतं.”

त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली. पानं उलटून एका ओळीखाली बोट ठेवलं आणि पुस्तिका माझ्यापुढे धरली. इंग्रजीत लिहिलं होतं की उन्हात आठवडाभर राहिली तर चिप पुसली जाते, सबब खिडकीवर उजेड न जाणारं काहीतरी चिकटवावं. अकरा दिवसांच्या उन्हानं प्रोग्राम विरत विरत गेला होता आणि भट्टीच्या तापात उरलासुरलाही ढासळला. त्या खास दिव्याचे किरण उन्हातही असतात, हे मला माहीत असायला हवं होतं. डिप्लोमा माझ्याकडे होता.

“उजेड न जानारा कागद पायजे व्हता,” ते म्हणाले. “पुड्याचाच तेवढा घावला. दुसरा असता तर दुसरा लावला असता.”

मी पुस्तिका मिटून त्यांच्या हातात दिली.

“आता हे कुनाला सांगू नगंस. तुला अजून नोकऱ्या करायच्यात.”

मी सांगितलं नाही. इथं मला स्वतःला सूट द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे जाऊन मी सांगू शकलो असतो की वायरिंग निर्दोष आहे, चूक माझी आहे, चिप पुन्हा लिहून आणतो, आठवडा द्या. कदाचित दिलाही असता. सत्य सांगा असं लिहिलेली पत्रकं मी शेकड्यांनी वाटली होती. सुभेदारांनी गप्प राहायला सांगितलं आणि ते माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी त्यांचं ऐकलं. एरवी मी त्यांचं काय ऐकत होतो?

पावसाळ्याआधी शेड रिकामी झाली. ते गावाकडे गेले आणि मी सांगलीत एका ठिकाणी लागलो.

वर्ष उलटल्यावर मला ते सोसेना. रजा काढून मी साताऱ्याच्या त्या कारखान्यात गेलो. जुने मॅनेजर बदलून गेले होते. भट्ट्यांवर परदेशी यंत्रं बसली होती. नव्या साहेबांनी मला चहा पाजला आणि माझी सगळी हकिगत नीट ऐकून घेतली. मग विचारलं, “पण हे सुभेदार कोण?”

तिथून मी तसाच वडूजची एसटी धरून त्यांच्या गावी गेलो. ते विहिरीवर लाईट यायची वाट बघत बसले होते. मला बघून उठले, पाठीवर थाप मारली. मी धापा टाकत सांगितलं की मी कारखान्यात जाऊन आलो, चूक माझी होती हे सांगून आलो.

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. एखादी गोष्ट मनात धरून ते वर्षभर वाट बघत असावेत, तसा.

“व्हय? मग काय म्हनालं? आठवन काढली का माझी?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी आलोच होतो खरं बोलायला.

“नवे साहेब आहेत,” मी म्हणालो. “कोण सुभेदार, असं विचारलं त्यांनी.”

ते पुन्हा बसले. त्यांचा डावा हात मांडीवर उघडा पडला होता आणि अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर टेकलेला होता. तो तिथून हलला नाही. तेवढ्यात लाईट आली. ते उठले आणि मोटार चालू करायला गेले.