कासमचाचांची सुटका

महाडला माझं मेडिकल आहे. औषधांची एक्स्पायरी होते, किस्स्यांची होत नाही, त्यामुळे ते नुसते साठतच जातात. त्यातले निम्मे एकट्या कासमचाचांचे! चाचा मूळचे तुडीलचे. लहानपणी वडिलांच्या दुकानावर दक्षिण आफ्रिकेत गेले, तिथल्या गोऱ्यांच्या वर्णभेदी सरकारशी भांडले, जेलात गेले आणि पुढे खासदारसुद्धा झाले. आता दर थंडीत महाडला भाचीकडे येतात.

*

पहिल्या दिवशी दुकानाबाहेरच्या बाकावर बसण्याआधी त्यांनी त्याच्या पाठीवरची अक्षरं नीट वाचली. तिकडे बाकांवर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ लिहिलेलं असायचं, ती जुनी सवय. आमच्या बाकावर डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात होती.

“डोका दुखत नाय माझा. बसलो तर चालंल?”

*

जेलातून सुटल्यावरही त्यांच्यावर बंदी होती. एका वेळी एकाच माणसाला भेटायचं! मी हळहळलो.

“अरे, बायको भेटायची, सासू नाय! तेवढा एकच कायदा बरा होता.”

*

बिरवाडीच्या कामगारांनी त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि स्थानिक पुढाऱ्यांची दोन तास भाषणं! चाचांच्या हाती माईक आला तेव्हा जेवणाची पानं मांडून झाली होती.

चाचा म्हणाले, “शिक्षा द्यायच्या आधी गोरा जजपण मला यापेक्षा जास्त बोलू द्यायचा!”

*

पोलादपूरला जाताना चाचा गाडीत डोळे मिटून बसले आणि एकेक खूण सांगू लागले. आंबा, विहीर, पार. चौपदरी हायवेवर त्यातलं काहीच उरलेलं नाही.

“चाचा, डोळे उघडा की!”

“नको रे. कोठडीत मी डोळे मिटून अम्माबरोबर रोज ह्याच रस्त्यानं आजोळी जायचो. तवा ट्रॅफिक नव्हता.”

मग तुडीलला का जात नाही, म्हणून मी विचारलं. ते जेलात असतानाच आई तिथे वारली होती.

“सुटलो, हे अम्माला सांगायचा ऱ्हायला. आता जाऊन कुणाला सांगू?”

 

*

या वर्षी कसेबसे तयार झाले. तुडीलला शेजारच्या घरात आईची मैत्रीण अजून आहे. नव्वदी उलटलेली, काल आणि आज एक झालेले. ओट्यावरूनच तिने ओळखलं.

“कासम, सोडला तुला सरकारनी?”

“होय गो खाला, सोडला.”

“मंग जा, अम्माला सांग. नदीवर गेलीय.”

चाचा निघाले, मी मागोमाग. सावित्रीच्या काठी एका दगडावर ते बसले. पाणी संथ होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी जेवायला चला म्हटलं.

“थांब रे,” चाचा म्हणाले, “येऊ दे तिला.”